लॅपटॉपला मुलांचा हात लागू द्या

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या शिक्षक-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला आहे, ‘वर्गात शिक्षकांनी लॅपटॉपचा वापर कसा करावा’. एका गिरणी कामगाराने शिक्षकांना शिकवायचे, हे ऐकून पाठीमागे दोन-चार जण हसले, ते आम्ही पाहिले. हसण्यासारखेच आहे. आम्ही नववी नापास. मॅट्रिक झालो ते रात्रशाळेतून, पाळी संपल्यावर. १९८८ साली साचेखात्यात बदली म्हणून लागलो. मार्च २०२० च्या टाळेबंदीत मुंबईतल्या शेवटच्या चालू गिरण्या थांबल्या, तेव्हा आमचाही साचा थांबला, तो पुन्हा फिरला नाही. संगणकाला पहिल्यांदा हात लावला तेव्हा वय पंचेचाळीस होते, आणि शिकवणारी आमची मुलगी होती. तेव्हा तज्ज्ञ म्हणून आम्ही उभे नाही. या विहाराच्या मागच्या खोलीत दर रविवारी जो वर्ग चालतो, तिथे जे पाहिले, जे चुकलो, तेवढेच सांगणार आहोत.

चुकलो तिथूनच सुरुवात करू. आपल्या चाळीतला एक मुलगा एका मोठ्या कचेरीत नोकरीला आहे. त्याच्या कचेरीने जुने म्हणून बाजूला काढलेले सहा लॅपटॉप त्याने खटपट करून विहाराला मिळवून दिले. केवढा आनंद झाला आम्हा सर्वांना! जयंतीच्या दिवशी टेबलावर निळे कापड अंथरून ते मांडले, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन झाले, फोटो निघाले. संध्याकाळी ते लोखंडी कपाटात गेले, माईकच्या सेटशेजारी. किल्ली आमच्याकडे. महागाची वस्तू आहे, पोरं खराब करतील, कोण जबाबदार? असे आम्हीच म्हणालो, दुसऱ्या कोणी नाही. आठ महिन्यांनी कपाट उघडले तेव्हा तीन लॅपटॉपच्या बॅटऱ्या मेल्या होत्या आणि एकीची तर फुगून खालची पत्रीच वर आली होती. एकाही मुलाचा हात न लागता ते खराब झाले.

त्या दिवशी आम्ही ते बाहेर काढून पुसत होतो, तेव्हा सातवीतली एक मुलगी दारात उभी होती. म्हणाली, ‘काका, आम्ही हात लावला तर मळेल का?’

तिला काही टोचून बोलायचे नव्हते. साधा प्रश्न होता. पण आम्हाला त्या रात्री झोप लागली नाही. कारण या परळमध्ये, आपल्या लोकांनी, कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हा प्रश्न फार जुना आहे.

बाबासाहेबांच्या लहानपणची फळ्याची गोष्ट आपल्या घराघरात ठाऊक आहे. तेव्हा हे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते आणि भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकत होते. मास्तरांनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावले, तर वर्गातली मुले धावत सुटली, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. डबे हलवले, मग भीमरावांनी खडू उचलला. आता ही गोष्ट आपण दर जयंतीला सांगतो, पण सांगताना एक बाजू राहून जाते. फळा ही त्या काळची वर्गातली मोठी वस्तू होती. लांबून बघायला सगळ्यांना मोकळीक होती. फळ्याला हात लावायचा म्हटले की अडचण यायची.

दुसरी गोष्ट आमच्या आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आमच्याकडे आलेली. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसे कताईत असत, रिंगवर असत, साफसफाईला असत. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, त्यांना प्रवेश नव्हता. पगार तर तिथेच जास्त. कारण काय सांगायचे? धोट्यातली कांडी बदलली की नवीन धागा तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून बाहेर घ्यावा लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा कसा वापरणार, हा विटाळ. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलून धरला, संपाच्या मागण्यांत तो आला पाहिजे म्हणून आग्रह धरला. त्यानंतर साठ वर्षांनी आमच्यासारखा माणूस साचेखात्यात उभा राहिला, तो असा.

तेव्हा मित्रहो, मशीन आहे की नाही, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, त्याला हात कोणाचा लागतो? आज शाळाशाळांत मशीन आले आहे. भिंतीवर पडदा आहे, प्रोजेक्टर आहे. २०१५ साली मुंबई महापालिकेने आठवीच्या मुलांना पुस्तके घातलेले टॅब वाटले, दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून. हेतू चांगला. पण बऱ्याच ठिकाणी वर्गातला लॅपटॉप हा गुरुजींच्या टेबलावर असतो, त्यावरचे चित्र पडद्यावर दिसते, आणि साठ मुले हाताची घडी घालून बघतात. लॅपटॉपचा सिनेमा झाला. गुरुजींनी आमच्यावर रागावू नये. त्यांच्याकडे एकच मशीन असते, तेही वर्षाखेरीच्या हिशेबात दाखवायचे असते, हे आम्हाला कळते. त्यांना जी भीती वाटते तीच आम्हालाही वाटली होती.

आम्ही साचा कसा शिकलो ते सांगतो. नवीन बदलीला जुन्या साचेवाल्याच्या शेजारी उभे करायचे. पहिले आठ दिवस नुसते बघ. आठ दिवसांत आम्ही काय शिकलो? धोटा कुठून कुठे जातो एवढे. तार तुटली की साचा थांबतो, ती तार शोधायची, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचे, हे बघून आले नाही. नवव्या दिवशी त्या माणसाने हाताला धरून पुढे केले आणि स्वतः मागे सरकला. पहिली गाठ सुटली, दुसरी सुटली. चौथी टिकली. जॉबर दुरून बघत होता, ओरडला नाही. वर्गात लॅपटॉप चालवायची सगळी युक्ती आमच्या मते यातच आहे, पुढचे सगळे तपशील.

तुम्ही विचाराल, मुलांच्या हातात दिले की झाले का? नाही. त्याचाही अनुभव जगाने घेतला आहे, आणि आपल्या महाराष्ट्रातही घेतला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली, प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप. किंमत पुढे शंभर डॉलरची राहिली नाही, जवळजवळ दुप्पट झाली, पण मशीन मात्र मुलांचा विचार करून बनवलेले होते. हिरवे-पांढरे, आत पाणी-धूळ जाऊ नये म्हणून रबराचे बंद कळफलक, उन्हात वाचता येणारा पडदा. २००६ साली केंद्र सरकारने ही योजना घ्यायला नकार दिला. तरी २००७ साली भारतातला तिचा पहिला प्रयोग झाला तो आपल्या शेजारी, रायगड जिल्ह्यात, कर्जतकडच्या खैराट गावच्या शाळेत. एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत, वीस-बावीस मुले. त्या योजनेचा नियम असा की लॅपटॉप शाळेचा नाही, मुलाचा. तो घरी न्यायचा. घरची माणसे बघतील, आईला दाखवेल. कपाटाची किल्ली आमच्या खिशात होती, त्याच्या कितीतरी वर्षे आधी कर्जतजवळच्या पाड्यातली पोरे लॅपटॉप बगलेत मारून घरी जात होती! लाज वाटावी अशीच गोष्ट आहे.

पण याच योजनेचे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने घेतले. तिथल्या ३१९ खेड्यांतल्या शाळांची पाहणी करून २०१२ साली अहवाल आला. लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत काही फरक आढळला नाही. मुले हुशारीच्या कोड्यांत थोडी पुढे गेली, एवढेच. मशीन वाटले, पण ते घेऊन मंगळवारच्या तासाला गुरुजींनी नेमके काय करायचे, याची तयारी पुरेशी नव्हती. हे दोन्ही अनुभव शेजारी-शेजारी ठेवले की कळते, कपाटातला लॅपटॉप निकामी आणि नुसता वाटलेला लॅपटॉपही निम्मा निकामी. मध्ये शिक्षक हवा. जॉबर हवा, पण न ओरडणारा.

आता आमच्या रविवारच्या वर्गाचे सांगतो. सहापैकी एक लॅपटॉप मोडून त्याचे सुटे भाग बाकीच्यांना लावले. पाच उरले. विंडोज त्यांना जड जात होते, एका कार्यकर्त्या मुलाने लिनक्स घातले, फुकट मिळते. मुले पंधरा, म्हणजे एकावर तीन. सुरुवातीला आम्हाला वाटले, एकाला एक मिळाला असता तर बरे. आता आम्ही म्हणतो, तीनच बरे. एक जण कळा दाबणार, दुसरा वाचून सांगणार, तिसरा वहीत लिहिणार. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटे झाली की पाळी बदल. तिघांनाही बोलावे लागते, भांडावे लागते, समजावून सांगावे लागते.

एक गोष्ट पहिल्या महिन्यात लक्षात आली. मुलगे माऊस सोडत नाहीत, आणि वही बरोबर मुलीच्या हातात जाते. कोणी सांगत नाही, आपोआप जाते. ज्या मुलीने आम्हाला तो प्रश्न विचारला, तीच तीन रविवार वही घेऊन बसलेली आम्ही पाहिली. तेव्हापासून पाळी तोंडी नाही, फळ्यावर नावे लिहून असते. शिक्षकांनो, आपल्या वर्गात हे जरूर बघा.

दुसरे, लॅपटॉप उघडण्याआधी प्रश्न फळ्यावर लिहिलेला पाहिजे. आधी मशीन चालू केले आणि मग ‘आता काय करायचं?’ असे झाले की पाच मिनिटांत पंधरा पोरे पंधरा दिशांना. आणि सूचना द्यायची असेल तेव्हा ‘झाकण अर्धं’ म्हणायचे. झाकण अर्धे खाली आले की डोळे वर येतात. पूर्ण बंद करायला सांगू नका, जुने मशीन झोपते आणि उठायला वेळ घेते. आपण स्वतः मुलांच्या पाठीमागे उभे राहायचे. समोर उभे राहिलात तर तुम्हाला फक्त झाकणे दिसतील. मागे उभे राहिलात तर पाचही पडदे दिसतात, जसा जॉबर साच्यांच्या गल्लीतून फिरतो.

गेल्या बैठकीत एक बाई म्हणाल्या, तुमचे ठीक आहे, आमच्या वर्गात साठ मुले आणि लॅपटॉप एक. बरोबर आहे. पण गिरणीत साचे कमी आणि माणसे जास्त झाली की काय करत? पाळ्या लावत. रोज चार मुले लॅपटॉपवर, बाकी छप्पन वहीत, काम सगळ्यांचे एकच. पंधरा दिवसांत साठही मुलांचा हात लागतो. त्या बाईंनी करून पाहिले. त्या इथेच बसल्या आहेत, त्यांना विचारा.

आता कामे कसली द्यायची? पहिले काम आमच्याकडे मराठी टंकलेखनाचे. पुष्कळ जण म्हणतात, इंग्रजी अक्षरांत लिहा, मशीन मराठी करून देते. आम्ही इनस्क्रिप्ट शिकवतो. त्याची मांडणीच आपल्या भाषेची आहे. ढोबळमानाने डाव्या हाताला काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि उजव्या हाताला व्यंजने. ‘काका’ लिहायचे तर उजवा, डावा, उजवा, डावा. धोटा इकडून तिकडे जातो तसा! जोडाक्षर म्हणजे काय, अक्षर अर्धे कसे होते, हे हलन्त दाबल्यावर मुलांना डोळ्यांनी दिसते. एक मुलगा आहे, हस्ताक्षर अगदी कोंबडीच्या पायासारखे, शाळेत निबंधाच्या वहीवर कायम लाल रेघा. तो लिहायलाच तयार नसे. लॅपटॉपवर चुकले की पुसता येते, पुसल्याची खूणही राहत नाही. त्याने पावसात तुंबलेल्या हिंदमाता चौकावर पानभर लिहिले. तीन वेळा स्वतः सुधारले. वहीवर कधी एकदाही सुधारले नसते.

दुसरे काम गणिताचे. सहावीत अपूर्णांक असतात, एक तृतीयांश असतो, आणि मुले कंटाळतात. आम्ही फळ्यावर प्रश्न लिहिला, ‘गिरण्यांची जमीन कोणाला किती?’ १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ वा नियम असा होता की गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि एक तृतीयांश मालकाला. मुलांनी गणनपत्रकात, म्हणजे त्या रकान्यांच्या तक्त्यात, सुमारे ६०० एकर टाकले, तीनने भागले, गोल आलेख काढला. तीन सारख्या फोडी. मग सांगितले, २००१ साली नियम बदलला, आता वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीची. समजा, गिरणी १२ एकरांची, त्यातले ९ एकर बांधकामाखाली, रिकामे ३. आता काढा. महापालिकेला १, म्हाडाला १, आणि उरलेले १०? गोलात दोन बारीक फोडी आणि बाकी सगळा एकच रंग. खोलीत एकदम शांतता. एक पोरगा म्हणाला, ‘काका, मशीन चुकलं.’ आम्ही म्हणालो, हाताने करून बघ. त्याने वहीत केले. मशीन चुकले नव्हते. हा बदल पुढे मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला, तेही त्यांना सांगितले. त्या दिवशी अपूर्णांक कोणाला समजावून सांगावा लागला नाही. घरी जाऊन आपापल्या आजोबांना त्यांनी काय काय विचारले, त्याच्या तक्रारी मात्र आमच्याकडे आल्या.

त्याच तक्त्यात एकदा चाळीतल्या नळाची वेळ भरली. चौदा दिवस, पाणी कधी आले, कधी गेले. आया पहाटे उठतातच, पोरांनी फक्त वेळ लिहून आणायची. सरासरी काढली, छापून घेतली. त्या कागदाचा पाण्याच्या कचेरीत उपयोग झाला की नाही हे विचारू नका, पण ‘सरासरी’ या शब्दाचा अर्थ आता आमच्या वर्गात कोणी विसरणार नाही.

तिसरे काम आजीचे. लॅपटॉपला बारीकसा माईक असतो. मुलांनी आजीसमोर ठेवायचा, प्रश्न विचारायचे, मग ऐकून ऐकून टाईप करायचे. एका मिनिटाचे बोलणे उतरवायला पोरांना अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात शुद्धलेखन, विरामचिन्हे, आजीच्या गावची बोली, सगळे होते. ‘आजीचा शब्द चूक म्हणून बदलायचा का?’ यावर आमच्या वर्गात मोठा वाद झाला. ठरले की बदलायचा नाही. याच कामाला जोड म्हणून आम्ही त्यांना जात्यावरच्या ओव्या ऐकवल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटविन यांनी गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांतल्या कितीतरी आज ‘पारी’च्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट ऐकता येतात. बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांच्या, बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांत आहेत. १९९६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या. आमच्या वर्गातली दोन मुले मूळची बीडकडची. त्यांची आजी ऐकताना सोबत म्हणायला लागली.

चौथे काम सगळ्यात अवघड, आणि आमच्या दृष्टीने आज सगळ्यात गरजेचे. मोबाईलवर रोज बाबासाहेबांचे नाव आणि फोटो घालून वाक्ये येतात. आपण पुढे ढकलतो. आम्ही मुलांना असे एक वाक्य दिले आणि विचारले, हे बाबासाहेब कुठे म्हणाले? खंड कुठला, पान दाखवा. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली लेखन आणि भाषणांचे खंड काढले. अठरावा खंड तीन भागांत आहे, त्यात मराठी भाषणे. ते लॅपटॉपवर उतरवून घेतलेले होते. आमच्याकडच्या प्रतीत शब्द टाकून शोध नीट लागत नाही, म्हणून अनुक्रमणिका बघावी लागली, साल बघावे लागले, कोणते भाषण कुठे झाले ते बघावे लागले. तीन रविवार गेले. वाक्य सापडले नाही. पोरे खट्टू झाली. पण शोधता शोधता याच परळच्या दामोदर हॉलचा उल्लेख त्यांना सापडला. तिथे बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती, १९२४ साली स्थापन झालेल्या. ‘आपला दामोदर हॉल?’ म्हणून सगळी उठून उभी राहिली. आता ती पोरे घरच्या मोबाईलवर आलेल्या प्रत्येक वाक्याला ‘पान दाखवा’ म्हणतात. आमच्या समितीच्या फलकावरचे एक वाक्यही त्यांनी पकडले, ते आम्ही गुपचूप उतरवले.

याच ठिकाणी त्या नव्या यंत्राचेही बोलून घेऊ, ज्याला विचारले की ते पाच सेकंदांत निबंध लिहून देते. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले, आता तसली पुष्कळ आहेत. मुले ते वापरतात, आपण कितीही नाही म्हणा. आम्ही बंदी घातली नाही. त्याला ‘परळच्या गिरण्यांवर दहा ओळी लिही’ असे सांगितले, आणि त्या दहा ओळी तपासणे हे मुलांचे काम. चाळीतल्या माणसांना विचारून तपासायचे. भाषा गुळगुळीत होती. पण साचेखाते, बदली, जॉबर, तीन पाळ्या, भोंगा, यांतले काहीही त्यात नव्हते. मुलांनी लाल पेनाने निकाल दिला, दहापैकी चार. मशीनला पोरे मार्क देत होती, हे दृश्य आम्ही विसरणार नाही.

काही शिक्षकांनी खासगीत आम्हाला सांगितले की पोरांना आमच्यापेक्षा जास्त येते, वर्गात हसे होते, म्हणून आम्ही लॅपटॉप काढत नाही. ही भीती खरी आहे. आम्हाला तर रोजच येते. पण महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शाळेला शिक्षक कसा हवा हे सांगताना म्हटले होते की वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचे हत्यार धरता येईल असा, मुलांच्या लोकांत मिसळणारा हवा. एकशे चाळीस वर्षांपूर्वी! हत्यार धरताना पहिल्यांदा बोट कापतेच. मुलासमोर ‘मला हे येत नाही, तू दाखव’ म्हणायला काही हरकत नाही. शिकायचे असेल तर पवईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ आहेत, पुष्कळसे मराठी आवाजात, दहा-दहा मिनिटांचे, फुकट. अर्ध्या पडद्यावर ते बघायचे, अर्ध्यावर आपण करायचे. बालभारतीची पुस्तकेही संकेतस्थळावरून उतरवून पेनड्राईव्हमध्ये ठेवता येतात, म्हणजे तासाला नेट गेले तरी अडत नाही. आमच्या मागच्या खोलीत नेट येतच नाही, आणि खरे सांगायचे तर त्यामुळे पुष्कळ फायदा झाला.

टाळेबंदीच्या काळाबद्दल फार बोलत नाही. दहा बाय बाराची खोली, तीन पोरे, एक मोबाईल, तोही बाप कामावर घेऊन गेलेला. तुम्ही सगळ्यांनी भोगले आहे. त्या दोन वर्षांत जी मुले मागे पडली, त्यांतलीच काही आज आमच्या वर्गात आहेत.

पालकांनी थोडे बॅटरीचे लक्षात ठेवा, कारण तिथे आम्ही पैसे घालवले आहेत. बरेच दिवस वापरायचा नसेल तर लॅपटॉप पूर्ण रिकामा किंवा पूर्ण भरलेला ठेवू नये, निम्मा भरून ठेवावा, महिन्या-दोन महिन्यांनी बघावा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, पेट घेते. ती कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही, दुरुस्तीवाल्याकडे द्यायची. वायर मुलांच्या पायात येईल अशी टाकू नका, भिंतीकडेने चिकटवा. गेल्या वर्षी एक मशीन असेच खाली आले. कोपरा फुटला, चालते अजून.

आता एक विनंती, आणि ती समितीसमोरच करतो, कारण बैठकीत दोनदा मांडून झाली आहे. कपाटाची किल्ली आता कपाटालाच लावलेली असते, एवढे आपण केले. पुढचे पाऊल असे की परीक्षा संपल्यावर सुट्टीत हे लॅपटॉप मुलांच्या घरी जाऊ द्यावेत, आठ-आठ दिवसांच्या पाळीने. तुटेल, हरवेल, बाप विकेल, असे आक्षेप आले आहेत. बाप विकेल हे तर आपल्याच माणसाने म्हटले. आमचे म्हणणे, एखादा तुटला तर आम्ही भरून देऊ, महिन्याच्या हप्त्याने. कपाटात तीन मेले तेव्हा कोणीच भरून दिले नव्हते. एक वही केली आहे, ती बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. ज्यांना आपल्या मुलाचे नाव घालायचे आहे त्यांनी घालावे, खाली सही करावी. अध्यक्ष साहेबांनी रविवारी निर्णय सांगावा.

शाळांतल्या शिक्षकांसाठी, पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मागच्या खोलीत या. बघायला नका येऊ, आपला धडा घेऊन या, आपण तो पाच मशीनवर बसवून पाहू. बोर्डाला प्लग कमी पडतात, तेव्हा कोणाकडे तीन पिनची लांब पट्टी असेल तर घेऊन यावी.

एवढे बोलून आम्ही आमचे शब्द थांबवतो. जयभीम.